वेशीत पडलेला भिक्खू आणि फुटपाथवरचे नाटक



आताच आपण सर्वांनी त्रिशरण घेतले, पंचशील घेतले. पाचवे शील म्हणताना नेहमीप्रमाणे आपला आवाज जरा चढला. पहिल्या चार शीलांना इतका जोर नव्हता. असे का होते? मला वाटते, पाचवे शील उच्चारताना आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे स्वतःचा नव्हे, दुसऱ्या कोणाचा तरी चेहरा असतो. मेव्हण्याचा असतो, शेजाऱ्याचा असतो, गल्लीच्या तोंडाशी पडून राहणाऱ्याचा असतो. शील स्वतःसाठी घ्यावयाचे असते. आपण ते दुसऱ्याला ऐकू जावे म्हणून घेतो.

हे मी आज मुद्दाम बोलतो आहे. मागील पौर्णिमेला वस्तीतील युवकांनी विहार समितीकडे एक अर्ज दिला. त्यांना नाटक बसवावयाचे आहे. घर सुटलेल्या आणि व्यसनात बुडालेल्या माणसांचे नाटक. सरावासाठी विहाराचे सभागृह हवे आहे. त्यात मुख्य काम करणारा गृहस्थ अगदी परवापरवापर्यंत रेल्वेपुलाखाली राहत होता. आज त्याची सुटलेली आहे, उद्याचे कोणी सांगू शकत नाही. समितीतील दोन वडीलधाऱ्या मंडळींनी हरकत घेतली. एक म्हणाले, "गुरुजी, तथागतांनी नटाला काय सुनावले ते तुम्हीच आम्हाला शिकविलेत. मग विहारात नाटक कसे चालेल?" दुसरे म्हणाले, "पाचवे शील मोडणाऱ्याला बुद्धमूर्तीसमोर उभे करणार काय?" हरकती हसण्यावारी नेण्यासारख्या नव्हत्या. मी म्हटले, याचे उत्तर माझ्या मताने देणार नाही, धम्माच्या आधारे देईन. ते आज देत आहे. त्यात माझी एक जुनी चूकही सांगावी लागेल.

प्रथम नटाची गोष्ट. ती संयुत्त निकायात आहे. तालपुट नावाचा नटांचा एक नायक राजगृहात भगवंतांकडे आला. त्याच्या धंद्यातील जुन्याजाणत्यांनी त्याला सांगितले होते की, जो नट रंगमंचावर खऱ्याखोट्याने लोकांना हसवितो, रिझवितो, तो मेल्यावर हसऱ्या देवांच्या लोकी जातो. हे खरे काय, असे त्याने विचारले. भगवंतांनी सांगितले, हे राहू दे, मला विचारू नकोस. त्याने पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र भगवंतांनी स्पष्ट सांगितले की, लोक आधीच राग, द्वेष आणि मोह यांनी जखडलेले असतात. नट त्यांच्यापुढे ते विकार वाढविणाऱ्याच गोष्टी आणतो, स्वतः बेसावध राहतो व दुसऱ्यांना बेसावध करतो, म्हणून त्याची गती वाईट होते. तालपुट रडू लागला. भगवंत म्हणाले, म्हणूनच मी सांगत नव्हतो. त्यावर तालपुट जे बोलला ते ध्यानात घ्या. तो म्हणाला, तुमच्या उत्तराने मी रडत नाही. त्या जुन्या लोकांनी इतकी वर्षे मला फसविले म्हणून रडतो. पुढे तो भिक्खू झाला, अर्हत झाला, आणि त्याच्या गाथा थेरगाथेत जपल्या गेल्या.

आमच्या अण्णांनी यातून अर्थ काढला की नाटक वर्ज्य. पण भगवंतांनी दोष कशाला दिला? रंगमंचाला? मुखवट्याला? तोंडाला लावलेल्या रंगाला? तसे नाही. विकार वाढविण्याला आणि प्रमादाला दोष दिला. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. पाचव्या शीलातही हाच शब्द आहे. मद्य हे प्रमादाचे स्थान आहे म्हणून ते वर्ज्य. म्हणजे दारू आणि नाटक या दोहोंना तथागतांनी एकाच मापाने मोजले. जे नाटक प्रमाद वाढविते ते दारूच्या पंक्तीत बसेल. जे माणसाला जागे करते त्याला तालपुटाचा दोष लागत नाही. आपल्या चळवळीला हे नवीन नाही. भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलशाचा फड उभा केला तो लोकांना झोपविण्यासाठी नव्हता. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' लिहिले तेही करमणुकीसाठी नव्हे.

तरीही अण्णांची शंका मी पुरती मोडीत काढणार नाही. दारूवरचे नाटक फसते कसे, हे मराठी माणसाला चांगले ठाऊक आहे. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला. सुधाकर वकील, त्याची सनद रद्द होते, अपमान सहन न होऊन तो प्याला हाती घेतो आणि घराची राख होते. बालगंधर्वांची सिंधू पाहून हजारो माणसे रडली. पण त्याच नाटकात तळीराम आहे, त्याचे आर्य मदिरा मंडळ आहे. तळीरामाला पाहून लोक पोट धरून हसले आणि आजही हसतात. सिंधूसाठी रडलेला प्रेक्षक वाटेत तळीरामाचे विनोद सांगत घरी जातो. आणखी एक गोष्ट. सुधाकराला पडावयाला घर तरी होते. ज्याला घरच नाही, त्याच्या पडण्याचे नाटक त्या काळी कोणी लिहिले नाही.

ते लिहिले गेले, किंबहुना करून दाखविले गेले, फार दूर. आमच्या युवकांना ही कल्पना तेथूनच सुचली म्हणून ती हकीकत सविस्तर सांगतो.

अमेरिकेत लॉस एंजलिस नावाचे मोठे शहर आहे. चित्रपटांचे शहर म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या मध्यभागाला लागून सुमारे पन्नास चौकांचा एक भाग आहे, त्याला स्किड रो म्हणतात. जंगलातून लाकडाचे ओंडके ज्या वाटेने ओढीत आणीत, तिच्यावरून हे नाव पडले असे सांगतात. काम सुटलेले लाकूडतोडे अशा वाटेच्या कडेला राहत, म्हणून जेथे निराधार माणूस जाऊन पडतो त्या वस्तीला तेथे स्किड रो म्हणू लागले. लॉस एंजलिसचा हा भाग रेल्वेजवळचा. हंगामी मजूर स्वस्त खोल्यांतून राहत. सत्तरच्या दशकात शहराच्या कारभाऱ्यांनी असे धोरण ठरविले की, निराधारांसाठी असलेल्या सोयी याच भागात एकवटाव्यात, म्हणजे ती माणसेही येथेच राहतील, बाकी शहरात दिसणार नाहीत. बंधूंनो, गावाच्या एका अंगाला काही माणसांना कोंडून ठेवणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी समजावून सांगावयास नको. तेथे आजही हजारो माणसे तंबूत, पुठ्ठ्यावर, उघड्या फुटपाथवर झोपतात. त्या जिल्ह्यात काळ्या लोकांची संख्या शंभरात आठ-नऊ. बेघरांत मात्र त्यांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश. तेथील पत्रात जातीचा रकाना नसतो, एवढेच.

१९८५ साली जॉन मॅलपीड नावाच्या एका कलावंताने या वस्तीत नाटकाचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही. येईल त्याने यावे. मंडळीचे नाव ठेवले 'लॉस एंजलिस पॉव्हर्टी डिपार्टमेंट', म्हणजे दारिद्र्य खाते. याची इंग्रजी आद्याक्षरे आणि तेथील पोलीस खात्याची आद्याक्षरे एकच! फुटपाथवरच्या माणसाला ज्या खात्याची काठी सर्वात अधिक परिचयाची, त्याच अक्षरांखाली त्याने स्वतःचे खाते काढले. या विनोदात तळीराम नाही. अमेरिकेत प्रामुख्याने बेघर माणसांनी चालविलेली ही पहिली नाटक मंडळी मानतात. काम करणारे कोण? आज फुटपाथवर, उद्या तुरुंगात, परवा व्यसनमुक्तीच्या वर्गात, असे लोक. सरावाला कोण येईल याची खात्री नाही. वाक्य विसरले तर विसरले. चाळीस वर्षे होऊन गेली, मंडळी अजून चालू आहे.

त्यांच्या नाटकांपैकी एकाविषयी बोलतो. क्रॅक नावाचा अमली पदार्थ ऐंशीच्या दशकात त्या शहराच्या काळ्या वस्त्यांतून वणव्यासारखा पसरला. कायदा कसा झाला पाहा. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅक सापडले तर किमान पाच वर्षे कैद. आणि त्याच कोकेनची पावडर, जी बहुधा पैसेवाले गोरे वापरीत, ती पाचशे ग्रॅम सापडली तर तेवढीच शिक्षा. एकास शंभर! २०१० साली हे प्रमाण एकास अठरा केले, समान मात्र केले नाही. १९९६ साली गॅरी वेब या पत्रकाराने लिहिले की, निकाराग्वातील सरकारविरोधी बंडखोरांना पैसा मिळावा म्हणून त्यांच्याशी संबंधित लोक या शहरात कोकेन विकत होते, आणि त्या बंडखोरांच्या पाठीशी अमेरिकेचे गुप्तहेर खाते होते. गदारोळ झाला. वेब यांच्यावरही कडक टीका झाली. १९९८ साली तेथील संसदेच्या समितीपुढे हेरखात्याचा महानिरीक्षक साक्षीला बसला. शहरात अमली पदार्थ आणण्याचा कट खात्याने केल्याचा पुरावा नाही, असे त्याने सांगितले. परंतु तस्करीचा आरोप असलेल्या माणसांशी खात्याने प्रत्येक वेळी संबंध तोडले नाहीत, हेही कबूल केले. १९८२ सालच्या एका लेखी समझोत्याप्रमाणे, पगारी नोकर नसलेल्या अशा हस्तकांच्या तस्करीची खबर देण्याचे बंधनच खात्यावर नव्हते.

२००१ साली दारिद्र्य खात्याच्या मंडळीने काय केले? त्या साक्षीचा सरकारी वृत्तान्त उचलला आणि शब्द न बदलता रंगमंचावर ठेवला. 'एजंट्स अँड ॲसेट्स' असे त्याचे नाव. हस्तक आणि मत्ता! प्रतिनिधींच्या आणि अधिकाऱ्यांच्या खुर्चीत, कोट चढवून, बसले कोण? स्किड रोचे रहिवासी. क्रॅकने ज्यांची घरे गेली, वर्षे गेली, त्यांच्यातले लोक. ज्यांच्याविषयी बोलले जात होते त्यांच्याच तोंडून ते बोलणे ऐकू आले. कोणी झिंगून दाखविले नाही. कोणी बायकोच्या पायावर पडले नाही. प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांत चर्चा होई, कायदा बदलावा कसा यावर.

मला यात धम्म दिसतो. तो कसा, हे सांगतो.

दुःखाला कारण आहे, हे दुसरे आर्यसत्य. आपण दारूड्याजवळ येऊन थांबतो आणि म्हणतो, कारण सापडले, त्याची तृष्णा. तृष्णा आहेच. पण भगवंत तेवढ्यावर थांबले नाहीत. अंगुत्तर निकायात उपासकाला पाच धंदे वर्ज्य सांगितले आहेत, त्यात मद्याचा धंदा आहे. म्हणजे पिणाऱ्याबरोबर विकणाराही आला. दीघ निकायाच्या चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर राजाच आला. राजाने दरिद्री लोकांना धन दिले नाही, दारिद्र्य वाढले. त्यातून चोरी, चोरीतून शस्त्र, शस्त्रातून हत्या, हत्येतून खोटे. एकामागून एक कडी जुळत गेली. कूटदंत सुत्तात पुरोहित राजाला सांगतो की, लुटारूंना फाशी देऊन, बांधून लूट थांबणार नाही. शेतकऱ्याला बी दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, सेवकाला वेतन दे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे बोलणे ऐकून मग पाच ग्रॅम आणि पाचशे ग्रॅमचा कायदा पुन्हा आठवा.

आणि आपल्याकडे? मंडळी सुरू झाली त्याच १९८५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या, ऑल्गा टेलिस यांच्या नावाने चाललेल्या खटल्यात सांगितले की, बाबासाहेबांच्या घटनेतील एकविसाव्या कलमाने दिलेल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो. मोठे वाक्य होते. पण त्याच निकालाने रीतसर नोटीस देऊन झोपड्या हलविण्याची मुभाही ठेवली. तिकडे जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास या गावाच्या खटल्यात ठरविले की, निवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर पथारी टाकणाऱ्याला दंड करणे घटनाबाह्य नाही. दारूचे म्हणाल तर चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली ती उठली. आमच्या भगिनींनी गावोगाव आडव्या बाटलीसाठी मतदान केले ते वेगळे. तेव्हा युवकांना माझी पहिली सूचना ही की, नाटकात दारूड्या असेल तर गुत्तेवाला, त्याचा हप्ता घेणारा आणि महसूल मोजणाराही असला पाहिजे.

आता दुसऱ्या हरकतीकडे येतो, आणि माझ्या चुकीकडेही.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तो तुमच्यातल्या वयस्कांना आठवत असेल. आमच्या चाळीत रिंग खात्यातला एक कामगार होता. साचे खाते आमच्या लोकांना बंद असे. धागा तोंडाने ओढावा लागे ना! संप लांबला, काम गेले ते गेले. तो पिऊ लागला. पुढच्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तो विहारात आला, मागे बसला आणि पंचशील सर्वांच्या पुढे, चुकीच्या ठिकाणी, मोठ्याने म्हणू लागला. लोक हसू लागले. मी त्यावेळी नवा बौद्धाचार्य. मला वाटले, धम्माची अप्रतिष्ठा होते आहे. मी दोन स्वयंसेवकांना खूण केली. त्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेले. तो भांडला नाही. दाराशी एवढेच म्हणाला, "चप्पल तेवढी द्या." नंतर त्याचे कुटुंब गावी गेले. त्याला एक पावसाळा पुलाखाली पाहिल्याचे लोक सांगत. पुढे कोणी पाहिले नाही.

पुष्कळ वर्षांनी मी विनयपिटक नीट वाचू लागलो. पाचव्या शीलाची बडबड करणाऱ्या मला ते शील भिक्खूंसाठी नियम म्हणून केव्हा घातले गेले हे ठाऊक नव्हते. सागत नावाचा भिक्खू. त्याने एका भयंकर नागाला आपल्या तेजाने शांत केले. त्याची कीर्ती कोसंबीला पोहोचली. लोकांनी आदराने घरोघर उत्तम मद्य तयार ठेवले. सागत घरोघर गेला, प्याला, आणि नगराबाहेर पडताना वेशीतच कोसळला. भगवंत भिक्खूंसह त्याच वाटेने निघाले होते. त्यांनी त्याला पाहिले. पुढे काय झाले?

भगवंतांनी सांगितले, सागताला उचला.

भिक्खूंनी त्याला उचलून विहारात आणले. भगवंतांकडे डोके करून निजविले. तो नशेत फिरला आणि पाय भगवंतांकडे करून झोपला. तेव्हा भगवंतांनी भिक्खूंना विचारले, हा पूर्वी तथागतांचा आदर करीत असे ना? नागाला जिंकणारा हा आज पाणसापाला तरी जिंकील काय? आणि मग मद्यपानाचा नियम केला. क्रम पाहा. आधी उचलणे, विहारात आणणे, मग नियम. मी नियम आधी लावला आणि उचलले ते बाहेर टाकण्यासाठी. सागत पुढे अर्हत झाला असे परंपरा सांगते. आमच्या चाळीतल्या त्या बंधूचे काय झाले, मला माहीत नाही.

म्हणून दादा, ज्यांनी ही हरकत घेतली त्यांना हात जोडून सांगतो, बुद्धमूर्तीसमोर शील मोडणारा माणूस सर्वप्रथम खुद्द बुद्धांनीच उचलून आणविला होता.

येथे थांबलो असतो तर माझे काम सोपे झाले असते. पण समितीच्या बैठकीत त्या गृहस्थाची पत्नी मागे उभी होती. सगळे बोलून झाल्यावर ती म्हणाली, "गुरुजी, जयभीम. त्यांना स्टेजवर घ्या, माझी ना नाही. पण टाळ्या वाजवून त्यांना माझ्या दारात पाठवू नका. अकरा वर्षं मी मार खाल्ला. नाटकात मला रडताना दाखवणार असाल तर मी येणार नाही. मी रडत नव्हते, धुणीभांडी करत होते." सभा गप्प झाली. सागताला उचलणारे भिक्खू पुष्कळ होते. या बाईने एकटीने उचलले, आणि ज्याला उचलले त्याच्याच हातचा मार खाल्ला. करुणेचा बोजा तिच्या एकटीच्या डोक्यावर देऊन आपण मोकळे होणार असू तर ती करुणा नाही, आपली सोय आहे. तो गृहस्थ सध्या विहाराच्या मागच्या खोलीत राहतो. घरी केव्हा जावयाचे, जावयाचे की नाही, हे ती ठरवील. नाटकाने ते ठरवू नये, मीही नाही.

लॉस एंजलिसची ती मंडळी २०१२ पासून दर दोन वर्षांनी मिरवणूक काढते. पुढे बँड, मागे लोक. वस्तीसाठी झटलेल्या माणसांच्या जागी थांबायचे, त्यांच्याच बोलण्यावरून रचलेला प्रवेश करायचा, पुढे जायचे. ते म्हणतात, ही वस्ती व्यसनात बुडालेल्यांची म्हणून प्रसिद्ध आहे, पण व्यसनातून वर येणारे जितके येथे आहेत तितके कोठे नसतील. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीत मोठमोठ्या आवाजाच्या भिंती असतात, आणि त्यांच्या मागे नाचणाऱ्यांपैकी काहींच्या तोंडाला कसला वास येतो हे सर्वांना माहीत आहे. ती मिरवणूक एखाद्या वर्षी या बाईच्या दाराशी थांबली तर काय होईल, याचा विचार मी अलीकडे करू लागलो आहे. समितीला ते रुचेल की नाही, सांगता येत नाही.

सध्या ठरले आहे ते असे. सराव मंगळवारी आणि शुक्रवारी, सायंकाळी सात वाजता, बालवर्ग सुटल्यावर. आरंभी वंदना होईल. पिऊन आलेला सरावात काम करणार नाही, पण त्याला बाहेरही काढले जाणार नाही. कोपऱ्यात चटई असेल, त्यावर तो निजेल. मुख्य भूमिका दोघांना शिकवून ठेवायची आहे, म्हणजे एक आला नाही तरी प्रयोग अडणार नाही आणि न येणाऱ्यावर कोणी दात-ओठ खाणार नाही. संहिता प्रथम त्या भगिनीला वाचून दाखवायची. ज्या वाक्यावर ती नाही म्हणेल ते काढायचे. तिने एक वाक्य काढलेही आहे. अण्णांनी चटई देण्याचे कबूल केले आहे, आणि मंगळवारी ते स्वतः येऊन बसणार आहेत, नाटक पाहण्यासाठी नव्हे, लक्ष ठेवण्यासाठी, असे त्यांनी मला बजावून सांगितले आहे.